पाच आरपाँ ऊस आणि लंडनचा भाव

मॉरिशसमधल्या एका मराठी कुटुंबाची ही हकिकत. उसाच्या दोन मोठ्या पडझडीत त्यांनी काय ठरवलं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच यात आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव सांगितलेलं नाही आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. बेटाचे, कराराचे आणि भावाचे आकडे मात्र खरे आहेत. मी स्वतः बरीच वर्षं सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होतो. या घरातली मुलगी एका प्रशिक्षणासाठी पुण्याला आली होती. शाळेत शिकलेलं मराठी ती जपून बोलायची आणि अडलं की क्रिओल या तिथल्या बोलीत शिरायची. तिच्याजवळ वडिलांची हिशेबाची वही होती. ती चाळताना हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

१८३४ नंतर ब्रिटिशांनी मॉरिशसच्या उसासाठी भारतातून गिरमिटिया मजूर नेले. त्यात रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसं मुंबई बंदरातून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळेवाल्यांनी कडेची, खडकाळ जमीन तुकडे पाडून विकायला काढली, तेव्हा मजुरांच्या हाती पहिल्यांदा स्वतःची जमीन आली. या घराच्या पणजोबांनीही असाच तुकडा घेतला. तो वाढत वाढत पाच आरपाँ झाला. आरपाँ हे फ्रेंचांच्या वेळचं माप, साधारण ४२ गुंठ्यांचं. म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वापाच एकर.

जमीन काळ्या बसाल्टची आणि दगड इतका की पिढ्यान्‌पिढ्या वेचून त्याचे ढीग शेताच्या मधोमध रचलेले. बेटावर फिरताना उसातून हे ढीग पिरॅमिडसारखे वर आलेले दिसतात. या घराच्या शेतात तीन होते आणि प्रत्येकाखाली दोन-तीन गुंठे अडकून पडले होते.

ऊस जवळच्या कारखान्याला जायचा. तिथे दराची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे उसाच्या टनाला एफआरपी, म्हणजे सरकारी किमान दर, ठरते. तिथे उसापासून जी साखर निघते तिचा ७८ टक्के वाटा ऊस लावणाऱ्याचा आणि २२ टक्के कारखान्याचा. साखर विकण्याचं काम मॉरिशस शुगर सिंडिकेट या एकाच संस्थेकडे. सगळ्यांची साखर एकत्र विकायची, खर्च वजा करायचा आणि सगळ्यांना टनाला एकच भाव द्यायचा. त्यामुळे लहान बागायतदाराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. गिऱ्हाईक कोण आहे हेही त्याला पाहावं लागत नाही, आणि गोम नेमकी तिथेच आहे.

गिऱ्हाईक होतं ब्रिटन. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर करारापासून बेटाची बहुतेक साखर तिकडेच जायची. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारात गेलं. तेव्हा जुन्या वसाहतींच्या साखरेचं काय, हा प्रश्न आला आणि युरोप आणि त्या वसाहती यांच्यातल्या १९७५ च्या लोमे करारासोबत साखरेचा वेगळा जोडकरार झाला. ठरलेली साखर ठरलेल्या भावाने ‘अनिश्चित काळपर्यंत’ घेऊ, असं युरोपने त्यात लिहून दिलं. एकूण कोटा सुमारे १३ लाख टनांचा, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा, ४ लाख ९० हजार टनांच्या आसपास. (भारतालाही नंतर १० हजार टनांचा छोटा कोटा होता, हे आपल्याकडे फारसं कोणाला आठवत नाही.) पोर्ट लुईच्या बंदरातून कच्ची साखर सुटी जहाजात भरली जायची आणि लंडनला टेम्सकाठच्या टेट अँड लाइलच्या कारखान्यात ती पांढरी व्हायची.

कच्च्या साखरेचा हमीभाव टनाला ५२३.७ युरो. जागतिक बाजारात त्या काळी कित्येक वर्षं याच्या निम्म्यानेही भाव नव्हता.

अडचण

‘अनिश्चित काळपर्यंत’ घेण्याचं वचन होतं, भाव मात्र युरोपच्या आतल्या साखरेच्या भावाला बांधलेला होता. तो आतला भाव तिथल्या बीट शेतकऱ्यांसाठी चढा ठेवलेला. २००४ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने युरोपच्या साखर निर्यातीविरुद्ध निकाल दिला. एप्रिल २००५ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. मॉरिशस या खटल्यात आरोपी नव्हतं. पण युरोपने आपली व्यवस्था बदलायला घेतली आणि बदलात आतला भाव खाली आला. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला बेट बांधलेलं होतं.

नोव्हेंबर २००५ मध्ये ठरलं की कच्च्या साखरेचा भाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवायचा, ५२३.७ वरून ३३५.२ युरोवर. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपने दोन वर्षांची नोटीस देऊन साखरेचा जोडकरारच संपवला. १ ऑक्टोबर २००९ पासून ‘अनिश्चित काळ’ संपला.

घराच्या हिशेबात याचा अर्थ काय? पाच आरपाँतून सव्वाशे टन ऊस, साखरेचा उतारा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेबारा टन साखर. त्यातला यांचा वाटा पावणेदहा टन. टनामागे १८८ युरो गेले की वर्षाला जवळपास १८०० युरो गेले. पण खरा फटका याहून मोठा होता. जहाजभाडं, विमा, सेस, चक्रीवादळाच्या विमा फंडाची वर्गणी, यातलं फारसं काही भावाबरोबर खाली येत नाही. समजा टनामागे १०० युरो असे जात होते. मग हातात पडणारे ४२३ चे २३५ झाले, म्हणजे ४४ टक्के कमी. वर्तमानपत्रात ३६ टक्के छापून आलं आणि वहीत ४४ दिसले. तोडणी आणि वाहतूक त्यातूनच भागवायची होती.

पहिली चूक: एक वर्ष थांबणं

वडील (मुलीचे बाबा) शाळेत शिक्षक, शेती सुटीच्या दिवशी. काका जवळच्या कारखान्यात कामाला, शेताची रोजची देखरेख त्यांच्याकडे. २००६ मध्ये दोघे बसले आणि काही करायचं नाही असं ठरलं. काकांचं म्हणणं वहीत एका ओळीत आहे: ‘भाव पडतो, भाव चढतो. खोडवा अजून दोन वर्षं निघेल.’ (खोडवा म्हणजे तोडीनंतर जुन्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस.)

ऊस लावणाऱ्या कोणालाही हे पटेल. मलाही पटलं असतं. पण जो बाजारात ठरतो तोच भाव पडतो आणि चढतो. हा भाव करारात ठरलेला होता. तो खाली आणण्याचा निर्णय तारखांसकट जाहीर झाला होता आणि तो वर नेण्याचं कोणाच्याही हातात नव्हतं, सिंडिकेटच्याही नाही आणि ब्रिटनच्याही नाही. पाऊस लांबला की आपण थांबतो, कारण पाऊस येतो हे माहीत असतं. धरणाचं आवर्तन बंद झाल्याचं पत्र आल्यावर थांबण्यात काही अर्थ नसतो. इथे पत्र आलं होतं.

त्या एका वर्षात म्हातारा खोडवा आणखी खचला आणि शेजारच्या ज्या दोन बागायतदारांबरोबर एकत्र येता आलं असतं, त्यातल्या एकाने ऊस सोडून दिला.

समोरचे पर्याय

२००७ मध्ये जवळचा कारखाना बंद होणार हे नक्की झालं. बेटावर तेव्हा अकरा कारखाने होते. ते कमी करून मोजक्या मोठ्या कारखान्यांत गाळप आणायचं सरकारचं धोरण होतं, आणि पुढे ते चारवर आले. आता बसावंच लागलं.

जमीन पडीक ठेवायची, हा सगळ्यांत सोपा मार्ग. गावातल्या अनेकांनी तोच धरला. तरुण पोरं हॉटेलात आणि बँकेत, तोडीला माणूस मिळत नाही, मग कशाला? वडिलांना तो नको होता. त्यात हिशेबापेक्षा पणजोबा जास्त होते, हे ते स्वतःच कबूल करतात.

दुसरा मार्ग प्लॉट पाडून विकण्याचा. घरांसाठी मागणी होती. आजी म्हणाली, ‘विकलेली जमीन परत येत नाही,’ आणि त्या बैठकीत हा विषय तिथेच मिटला. तो अकरा वर्षांनी पुन्हा निघाला.

भाजी किंवा अननस करून पाहता आला असता. पण दगडांमुळे नांगर चालत नव्हता आणि पाण्याची सोय नव्हती. काकांनी एक कोपरा करून पाहिला, चक्रीवादळाच्या वाऱ्याने तो झोपवला. ऊस वाऱ्यात वाकतो पण उभा राहतो. बेटावर ऊस टिकला त्याचं एक साधं कारण हे आहे.

उरला चौथा मार्ग. लहान बागायतदारांच्या जमिनी सलग करायच्या, दगड काढायचे, नवी लागण करायची आणि जमेल तिथे पाणी द्यायचं, अशी सरकारी योजना होती. फोरिप हे तिचं रोजच्या बोलण्यातलं नाव. खर्चाचा मोठा भाग योजनेतून. अट एकच पण अवघड: शेजाऱ्यांबरोबर बांध मोडायचे. जमीन कागदावर आपली राहते, पण नांगर, लागण आणि तोड सगळ्यांची एकत्र.

काय केलं

काकांनी कारखान्याची स्वेच्छानिवृत्ती घेतली. रोख रक्कम आणि सात पर्चचा, म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटरचा, घरबांधणीचा तुकडा मिळाला. रोख रकमेतला काही भाग त्यांनी शेतात घातला, आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं. ज्या घरांत कोणी कारखान्यात नव्हतं, त्यांना ही उशी नव्हती.

२००८ मध्ये ते फोरिपमध्ये गेले. बांध मोडायचा दिवस मुलीला आठवतो. ‘आजी खुर्ची घेऊन कडेला बसली होती, सर. मशीन दगड उचलायचं आणि ती मोजायची.’ तीनपैकी दोन ढीग हलले. तिसऱ्याखाली आज्याने काहीतरी पुरून ठेवलंय अशी समजूत होती, म्हणून तो राहिला. आता त्याच्याभोवती वळसा घालताना ट्रॅक्टरवाला दरवर्षी वैतागतो. दगड निघाल्यावर आरपाँला ऊस पंचविसावरून तिसाच्या वर गेला.

त्याच सुमारास त्यांच्या सहकारी संस्थेने फेअरट्रेड, म्हणजे रास्त व्यापाराच्या, प्रमाणपत्राची तयारी केली. त्या शिक्क्याने विकलेल्या साखरेवर टनाला ६० डॉलर जादा मिळतात. ते शेतकऱ्याच्या खिशात न जाता संस्थेकडे येतात आणि त्यांचं काय करायचं ते सभा ठरवते. इथे खतं एकत्र घेतली गेली. कागद भरायचं काम मुलीने अंगावर घेतलं: कोणतं तणनाशक कधी मारलं, रिकामे डबे कुठे टाकले, तोडीला कोण होतं. वही तिच्या हाती आली ती तेव्हापासून.

आणि याच वेळी, या घराला काही न विचारता, गिऱ्हाईक बदललं. २००८ मध्ये सिंडिकेटने जर्मनीच्या ज्युडत्सुकर या साखर कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला. कच्ची साखर लंडनला पाठवण्याऐवजी बेटावरच शुद्ध पांढरी करायची आणि २००९ पासून वर्षाला ४ लाख टनांपर्यंत युरोपच्या बाजारात द्यायची. दक्षिणेत ला बराक आणि पूर्वेला युनियन फ्लाक इथे त्यासाठी शुद्धीकरण उभं राहिलं. जो फायदा टेम्सकाठी राहायचा, तो आता बेटावर येणार होता. ब्रिटनला उरली ती मुख्यतः खास साखर: डेमेरारा, मस्कोवाडो, काळपट, मळीच्या वासाची, बेकरीवाल्यांना लागणारी. ती थोडी पण चांगल्या भावाची.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच होता, आणि तो शेतकऱ्याने घेतलेला नव्हता. करार संपायच्या दीड वर्ष आधी विक्रेत्याने माल बदलला आणि गिऱ्हाईकही बदललं.

निकाल, आणि दुसरी पडझड

२०११ ते २०१३ ही वर्षं चांगली गेली. युरोपात साखर टंचाईची होती, पांढऱ्या साखरेचा भाव टनाला ७०० युरोंच्या वर गेला. घराने छप्पर काँक्रीटचं केलं, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज फेडलं. पुढच्या लागणीसाठी मात्र काही बाजूला काढलं नाही. लागणीचा ऊस सात-आठ तोडींनंतर मोडावा लागतो, म्हणजे २०१६-१७ ला तो खर्च येणार हे २००८ लाच ठरलेलं होतं. वहीत त्याचा उल्लेख कुठेही नाही. हे मी मुलीला दाखवलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, ‘छप्पर दिसतं, सर.’

१ ऑक्टोबर २०१७ रोजी युरोपने बीट साखरेचे कोटे, म्हणजे उत्पादनावरच्या मर्यादा, उठवले. बीट भरपूर पेरलं गेलं, जागतिक भावही पडलेले. युरोपातली पांढरी साखर ४०० युरोंच्या खाली गेली. बेटावर २०१८ च्या हंगामाला टनाला ९ हजार मॉरिशस रुपयेही मिळाले नाहीत. नवी लागण करायची वेळ नेमकी तीच.

या वेळी घराने वाट पाहिली नाही. मागच्या वेळी थांबून चुकलो, हा धडा मनात पक्का होता. काका म्हणाले, आता हा भाव गेला तो गेलाच. आजी तोवर गेली होती. २०१९ मध्ये दीड आरपाँ घरांसाठी विकला आणि त्या पैशातून उरलेल्या साडेतीन आरपाँत लागण केली.

भाव गेला नव्हता. २०२२ च्या पिकाला टनाला २५ हजार रुपयांच्या वर मिळाले. त्याआधीच, २०२१ मध्ये, वीजनिर्मितीला जाणाऱ्या चिपाडाचा मोबदला साखरेच्या टनामागे ३,३०० रुपये झाला होता. वर्षानुवर्षं बागायतदार ओरडत होते की आमचं चिपाड जाळून वीज विकता आणि आम्हाला चिल्लर देता. त्यांचं म्हणणं शेवटी ऐकलं गेलं.

निर्णयाच्या जागा

दोन्ही पडझडी वहीत सारख्याच दिसतात: एक आकडा, मग त्याखाली लहान आकडा. पण जात वेगळी. २००६ चा भाव कराराने उतरवला होता, तो परत येणार नव्हता. तेव्हा थांबणं चूक. २०१८ चा भाव बाजाराने पाडला होता. कोटे उठल्यावर सगळ्यांनी एकदम पेरलं की भाव पडतो, मग तोट्यात जाणारे पेरा कमी करतात आणि तो वर येतो. तेव्हा थांबण्याला अर्थ होता. हे घर पहिल्यांदा थांबलं आणि दुसऱ्यांदा नाही.

हे मागाहून म्हणणं सोपं आहे, याची जाणीव मला आहे. २०१९ मध्ये कोणी छातीठोक सांगितलं नसतं. शिवाय लागणीचे पैसे हातात नव्हते, त्यामुळे थांबायचं म्हटलं तरी कशाच्या जोरावर? म्हणून मला विचाराल तर चुकलेली जागा २०१९ नाही. ती २०१२ आहे, छपराचं वर्ष. दर हंगामाला साखरेच्या पैशातला दहावा हिस्सा लागणीसाठी ठेवला असता, तर दीड आरपाँ विकायची वेळ आली नसती. विकण्याऐवजी दोन-तीन वर्षं तेवढाच तुकडा पडीक ठेवणं हाही मार्ग होता. पण ‘पडीक’ हा शब्द या घरात २००७ पासून शिवीसारखा झाला होता, म्हणून त्यावर बोलणंच झालं नाही.

सहकारी संस्थेच्या बाजूनेही एक राहिलं. सिंडिकेट भाव कळवायचं, पण तो भाव कशामुळे आला हे सभासदांपर्यंत कोणी सोपं करून नेलं नाही. संस्थेच्या भिंतीवर एक कागद पुरला असता: आपली साखर यंदा कोणी घेतली, भाव कोणी ठरवला, तो ठरवणारा पुढे काय करणार आहे. फेअरट्रेडच्या पैशातून खतं घेतली तसं एखादं माणूस या कामाला ठेवता आलं असतं. मुलीने ते सभेत सुचवलंही होतं. खताच्या पोत्यापुढे कागद हरला.

आताची स्थिती

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तेव्हा गावात पुन्हा लंडनचं नाव निघालं. जुनं गिऱ्हाईक मोकळं झालं, आता थेट करार होईल, अशी चर्चा. करार झालाही: जानेवारी २०१९ मध्ये सही, २०२१ पासून लागू, मॉरिशसची साखर ब्रिटनमध्ये विनाशुल्क. पण त्याच १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने कोणत्याही देशाच्या २ लाख ६० हजार टन कच्च्या साखरेला शुल्क माफ केलं. म्हणजे दार उघडं आहे, पण ते ब्राझीललाही उघडं आहे. काकांना हे मुलीने समजावलं. त्यांनी विचारलं, हा भाव कराराचा की बाजाराचा? वहीत आता भावाच्या रकान्याशेजारी या एका शब्दाचा रकाना आहे.

साडेतीन आरपाँ उभे आहेत. २०१९ ची लागण पुढच्या काही हंगामांत मोडावी लागेल आणि त्यासाठीचं खातं उघडलेलं आहे. मुलगी पुण्याहून जाताना आपल्याकडच्या ऊसतोडणी यंत्राची चौकशी करून गेली. तिच्या शेतात ते चालेल की नाही, हे त्या तिसऱ्या दगडाच्या ढिगावर अवलंबून आहे. तो हलवायचा म्हटलं की काका अजून विषय बदलतात.